मेनूखालचा नंबर

३ मार्च

मास्तरांनी तिची टिप छापली! वेबसाइट बनवायचं आमचं सॉफ्टवेअर, ते वापरणाऱ्यांचा ग्रुप, मास्तर काढतात ते ग्रुपचं बातमीपत्र, त्यातला ‘या आठवड्याची टिप’ हा चौकोन — इतकी वर्षं तो माझा होता. आज तिथे माझी बायको. चित्रं हलकी करून पान लवकर कसं उघडावं. हे तिला मीच शिकवलं. तिने माझ्यापेक्षा सोपं लिहिलंय. तेच जास्त लागलं.

४ मार्च

आईचा फोन. "सूनबाईचं नाव आलं म्हणे! तुझं कधी रे?" माझं दर आठवड्याला यायचं, तेव्हा आईला पत्ता नव्हता.

८ मार्च

बातमी: मास्तर थकले. टिपांचं सदर आता एका सदस्याकडे. प्रत्येकाने एक पान बनवून ग्रुपवर टाकायचं, सगळे मत देणार. सदर माझंच आहे. तरी तिला म्हणालो, "तूही टाक की." वर हसलो.

११ मार्च

ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं पान करतेय. मोकळी जागा, एकच निळा, टपोरी अक्षरं. "चष्मा मोडलेल्या माणसालाही वाचता यायला हवं ना!" हे मला सुचायला हवं होतं. परत माझं पान पाहिलं. नुसता बाजार.

१४ मार्च

ती अंघोळीला गेली तेव्हा तिचं पान माझ्या फोनवर उघडलं. मोठ्या पडद्यावर देखणं. फोनवर मात्र मेनू खाली घसरतो आणि दुकानाचा नंबर त्याखाली झाकला जातो. दोन मिनिटांचं काम.

केस पुसत बाहेर आली. "बघ ना एकदा. काही राहिलंय का?"

"छान आहे," म्हणालो.

खोटं नाही. छानच आहे.

१५ मार्च

तिने पान टाकलं. मीही.

१६ मार्च

ग्रुपवर गलका! "वहिनी, नंबर कुठे गेला? चष्मा लावून शोधतोय!" मला वाटलं, रडेल. ती पोट धरून हसली. लगेच दुरुस्त केलं, वर टिपही लिहिली — ‘माझी चूक तुम्ही करू नका’. लोक फिदा. मास्तर म्हणाले, "हिला म्हणतात शिकवणं." माझ्या पानाखाली एकच शेरा: ‘नेहमीप्रमाणे उत्तम’. नेहमीप्रमाणे!

१७ मार्च

भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "तू आधी फोनवरच बघतोस ना? सगळ्यांना तेच सांगत आलास."

"या वेळी राहिलं."

नळ चालू होता. तिला ऐकू गेलं नसेल, असं धरून चाललोय.

२५ मार्च

सदर तिला मिळालं. मी अभिनंदन म्हणालो.

"थँक्यू," म्हणाली. मला. थँक्यू!

३ एप्रिल

तिच्या सदरातली पहिली टिप आली. मी बातमीपत्रातच वाचली — सगळ्यांबरोबर.