वन्संची गाठ आणि कल्पनाची पिशवी

धार,
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट हातात पडल्यावर दचकली असशील. फोन असताना वन्संना पत्राचा उमाळा कशाला आला, असं वाटलं असेल. पण आमच्या घरातला फोन तुला ठाऊक आहे. आईसाहेबांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि माझा मोबाईल वाजला की माझ्याआधी यशराज उचलतो. पत्राचं बरं असतं. हा माझा लेक हिंदी शाळेत शिकलेला. माझं मराठी अक्षर लावायला बसला तर दुसऱ्या ओळीला जांभई देतो. या घरात याहून भक्कम तिजोरी नाही.

तर गोष्ट अशी. दिवाळीच्या चकल्या तळताना डाव्या ओटीपोटात कळ यायची. झारा तसाच कढईत धरून मी उभी राहायचे. सासूला काय सांगायचं, आईसाहेबांनी विचारलं की वात आहे म्हणायचे. शेवटी फराळाचे डबे रिकामे झाल्यावर यांना घेऊन इथल्या एका नर्सिंग होममध्ये गेले. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ निघाली, लिंबाएवढी, आत पाणी असलेली. डॉक्टरांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले की माताजी, अब इस उमर में बच्चेदानी का क्या काम, पिशवी आणि दोन्ही अंडाशयं एकदमच काढून टाकू, झंझट खतम. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. खरं सांगू, गाठीपेक्षा ते माताजी जास्त लागलं.

आमचे मानसिंगराव म्हणाले, डॉक्टर सांगतात तर करून टाकू. मोटारीची जुनी बॅटरी बदलावी तितक्या सहजपणे म्हणाले. महिनाअखेरीचं ठरतं आहे. आईसाहेबांना अपेंडिक्स सांगायचं. तू आठ-दहा दिवस राहायला ये. माधवला मात्र एक अक्षर बोलू नकोस. माझा भाऊ आहे तो, ऑपरेशनच्या आधीच रडून मोकळा होईल.

बाकी क्षेम. अंकुर-अक्षदाला आशीर्वाद. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी,
वन्सं (विजयमाला)


देवास,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. डाळीची खीर झाली. तुमच्या भावाने ती मुकाट्याने खाल्ली, त्यामुळे त्याला संशय आलेला नाही.

अहो वन्सं, पिशवी म्हणजे काय स्वेटर आहे, की थंडी सरली म्हणून काढून ठेवला? गाठ डाव्या अंडाशयावर, आणि काढायचं सगळं! उद्या नळ गळतो म्हणून कोणी घर पाडायला सांगितलं, तर दाजी पाडतील का? मी रागावून लिहिते आहे. नणंदेवर रागवायची संधी भावजयीला आयुष्यात किती वेळा मिळते? तेव्हा पुरेपूर रागावून घेते.

आता माझं ऐका. इथे देवासला डॉ. अनन्या म्हणून आहेत. वयाने लहान, पण गरज असल्याशिवाय सुरीला हात लावत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. आधी त्यांना रिपोर्ट दाखवायचे, मग काय ते ठरवायचं. घरी सांगा की टेकरीच्या माताजींना नवस बोलला आहे. देवीच्या दर्शनाला आईसाहेब नाही म्हणणार नाहीत. तुमच्या भावाला मी सांगेन की वन्संना साड्या घ्यायच्या आहेत. साड्या म्हटलं की तो बरोबर येत नाही.

मी अगदी ठणठणीत आहे. हल्ली जरा दम लागतो, पण वयच झालं. कच्चे तांदूळ चावायचा नाद लागला आहे, अक्षदा मला उंदीर म्हणते. असो. या लवकर, आणि घाबरू नका. मी आहे ना!

वडीलकीचा हात डोक्यावर असावा, आणि रागावले म्हणून तो पाठीत बसू नये.

आपली,
कल्पना


धार,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसने सुखरूप पोचले. घरात सगळ्यांना प्रसाद वाटला. नवस खोटा, पण दर्शन खरं झालं, त्यामुळे माझ्या मनाला बोच नाही. रोपवे सोडून मी पायऱ्यांचा हट्ट धरला तो त्यासाठीच.

माझं तर बरं झालं. अनन्याबाईंनी मला माताजी नाही, दीदी म्हटलं. अर्धं दुखणं तिथेच गेलं. म्हणाल्या की पाळी चालू असलेल्या बाईला अशी पाण्याची साधी गाठ येते आणि बहुतेकदा आपली आपण विरते. दोन पाळ्या जाऊ द्या, मग पुन्हा सोनोग्राफी करू. पोटात एकाएकी जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर मात्र घरी ओवा खात बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. अंडाशयं या वयातही हाडांना आणि काळजाला उपयोगी पडतात, निष्कारण काढायची नसतात, असंही समजावलं. यांना हे सांगितलं. हे उठले आणि स्वतःच नर्सिंग होमला फोन करून नाही म्हणून कळवलं.

आता तुझ्याकडे वळते. तुला वाटलं, म्हातारी विसरली. टेकरीच्या अर्ध्या वाटेवर तू मट्कन बसलीस, तेव्हा ओठसुद्धा चुन्यासारखे पांढरे होते. मला म्हणालीस, वन्सं तुम्ही दमला असाल म्हणून थांबले. मी दमले होते काय? मी तर वर जाऊन घंटा वाजवायच्या तयारीत होते! म्हणून दवाखान्यात मी तुझी चहाडी केली. दम सांगितला, तांदूळही सांगितले. अनन्याबाईंनी मला सोडलं आणि तुला धरलं. मग कुठे तुझ्या तोंडून निघालं की दहा-दहा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात, आणि बसमध्ये बसताना तू सीटवर टॉवेल घालतेस. दोन वर्षं! आणि मला पत्रात लिहितेस की ठणठणीत आहे.

त्यांनी काय सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तुला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. पिशवी गाठींनी पाचव्या महिन्याएवढी फुगली आहे. रक्त सातच्याही खाली गेलं आहे, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात ते त्यामुळेच. गोळ्या घेऊन एवढ्या मोठ्या गाठी आवरणार नाहीत. आधी शिरेतून लोह देऊन रक्त वाढवायचं, आतल्या अस्तराची तपासणी करायची, आणि मग पिशवी काढायची. अंडाशयं चांगली आहेत, ती ठेवायची.

रिक्षात तू मला शपथ घातलीस की माधवला सांगू नका. आठवडाभर पाळते. त्याच्या आत तू त्याला सांग.

रागावले तरी माया कमी नाही, हे तू जाणतेसच.

तुझी,
वन्सं


देवास,
१ डिसेंबर २०२४

ती. सौ. वन्संस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. मी लोहाच्या गोळ्या घेते आहे. एवढ्यावर समाधान मानून घ्यावं.

ऑपरेशनचं सध्या जमणार नाही. अक्षदाची परीक्षा तोंडावर आली आहे. अंकुर पुण्याहून नाताळच्या सुट्टीत येणार, त्याला गराडूच्या कंदाचे काप तळून कोण घालणार? मग संक्रांत, तिळगूळ, हळदीकुंकू. त्यानंतर लग्नसराई. मला वाटतं, पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. आणि मीच तुम्हाला स्वेटरचं लिहिलं होतं ना? मग ते मला का लागू नाही? तुमची पिशवी राहते आणि माझी जाते, हा कुठला न्याय?

वन्सं, तुम्हाला लपवून उपयोग नाही. मी दुसऱ्याला सांगण्यापुरती शूर आहे. झोपेचं इंजेक्शन देतात ना, त्यातून उठलेच नाही तर, हा विचार दिवसभर मागे लागतो. पोळी लाटतानाही लागतो. कॉलनीतल्या बायका म्हणतात की पिशवी काढल्यावर बाई जाड होते, दाढी येते, नवऱ्याचं मन उडतं. मी मोठ्याने हसते, आणि मग बाथरूममध्ये जाऊन आरशात हनुवटी बघते. तुमच्या भावाला सांगायला तोंड उघडते आणि भाजी काय करू असं विचारते. या आठवड्यात तीनदा वांगी झाली.

हसू नका. हसलात तर मला कळवू नका.

आपल्या पदराखाली जागा असावी.

आपली,
कल्पना


धार,
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. कल्पनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले नाही. वांग्यांना मात्र हसले.

तुझ्या न्यायाचं उत्तर सोपं आहे. मला अनन्याबाईंकडे तूच नेलंस, कारण त्या उगाच कापत नाहीत. त्याच बाई तुला काढायलाच हवं म्हणतात, तर ते खरं असणार. माझ्या वेळी त्यांचा शब्द खरा आणि तुझ्या वेळी खोटा, असं चालणार नाही. भीती वाटते ती वाटू दे. भीती घेऊनच जाऊ, मी बरोबर आहे.

आता तू रागावशील अशी गोष्ट. आठवडा उलटला, शपथेची मुदत संपली, म्हणून मी माधवला फोन लावला. मोबाईलची बॅटरी उतरली होती म्हणून घरच्या फोनवरून. आणि तो स्पीकरवर आहे हे मी साफ विसरले. माधव पलीकडून विचारतोय की ताई, कसली पिशवी, आणि मी ओरडून सांगतेय, गर्भाशयाची! मागे वळून बघते तर आईसाहेब जपमाळ थांबवून बसलेल्या.

मला वाटलं, आता माझी नवसाची आणि अपेंडिक्सच्या बेताचीही भानगड बाहेर येणार. पण आईसाहेबांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या की यात कुजबुजण्यासारखं काय आहे, त्यांचीच पिशवी काढून चाळीसेक वर्षं झाली. त्या काळी घरात सांगितलं होतं की ओंकारेश्वरला राहायला गेल्या आहेत. मामंजींनी इंदूरच्या दवाखान्यातून परत आणताना धारच्याच बाजारातून पेढे घेतले आणि ओंकारेश्वरचा प्रसाद म्हणून घरभर वाटले. यांना तर आजवर पत्ता नव्हता. मग मीही माझ्या गाठीचं सगळं त्यांना सांगून टाकलं.

तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे. दाढी येत असती तर त्यांनी ती हौसेने वाढवली असती, म्हणजे मामंजी जरा वचकून राहिले असते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या स्वतःचं लुगडं स्वतः धुतात, तेव्हा कल्पनाने कॉलनीतल्या बायकांचं ऐकू नये. आणि लपवू नये. त्या म्हणाल्या की दुखण्यापेक्षा एकटीने गप्प राहण्याचाच त्यांना जास्त त्रास झाला होता.

माधव फोनवर रडला नाही. एवढंच म्हणाला की ती टॉवेल घेऊन बसमध्ये बसायची आणि मी कधी विचारलं नाही. त्याच्याशी बोल.

संक्रांतीआधी उरकू. मी येतेच आहे. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझी,
वन्सं


देवास,
१३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आईसाहेबांचे सेवेशी,
विजयमालाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर आपल्याला नीट ऐकू आलं नाही आणि आपण पत्राची आज्ञा केलीत, म्हणून सविस्तर लिहिते. कल्पनाचं ऑपरेशन गेल्या सोमवारी व्यवस्थित झालं. आधी लोहाच्या बाटल्या आणि रक्त दिल्याने तब्येत सावरली होती. अस्तराची तपासणी चांगली आली होती. पिशवीचा रिपोर्ट आज हाती आला, त्यातही वाईट काही नाही. अंडाशयं जागच्या जागी आहेत. ती कालपासून घरी आहे आणि पलंगावरून सगळ्यांना हुकूम सोडते आहे. पुढचे सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा माधवकडून मागून घेते. मला वाटतं, तांब्या तेवढा जड नसतो.

माझीही सोनोग्राफी इथेच झाली. गाठ द्राक्षाएवढी उरली आहे. अनन्याबाई म्हणाल्या की पुढच्या वेळी चहाला या.

ऑपरेशनच्या दिवशीची हकीकत आपल्याला सांगायलाच हवी. इथे काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. आम्ही बाहेर बसलो होतो. नर्स हिरव्या कपड्याखाली ट्रे घेऊन आली आणि पेशंटचे मिस्टर कोण, असं विचारलं. माधव पुढे झाला. कपडा बाजूला झाला आणि माझा भाऊ भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. अंकुरने त्याचे पाय वर धरले, वॉर्डातली एक बाई वर्तमानपत्राने वारा घालू लागली. दोन खोल्यांमधले पेशंट बघायला उठून आले.

नर्स ट्रे परत नेऊ लागली, तेव्हा अक्षदाने तिला थांबवलं. पोरगी एकोणीस वर्षांची, मराठीची एक ओळ अडखळल्याशिवाय वाचत नाही. वाकून बघत राहिली. मला वाटलं, हीसुद्धा पडते. पण तिने विचारलं की आत्या, मैं और भैया इसी में रहते थे क्या? मी हो म्हटलं. तर म्हणाली, म्हणजे हे आमचं पहिलं घर. आणि आईसाहेब, त्या पोरीने हात जोडले. मग ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस विचारलं, तर म्हणाली, थँक यू बोल रही थी. नर्सने कपडा नीट सारखा केला आणि ट्रे सावकाश घेऊन गेली.

संध्याकाळी कल्पना पुरती शुद्धीवर आली. पहिलं विचारलं की माधव जेवला का. मी तिला अक्षदाचं सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. अक्षदा पुसायला पुढे झाली तर तिचं मनगट धरलं. मग कोरड्या पडलेल्या ओठांनी विचारलं की घराबद्दल एवढं प्रेम होतं, तर नऊ महिने भिंतींना लाथा का मारत होतीस?

आधी अक्षदा हसली, मग अंकुर, मग मी. कल्पनाही हसू लागली, टाके दुखले म्हणून ओरडली, आणि ओरडत पुन्हा हसली. नर्स धावत आली आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दाराबाहेर उभे राहिलो तरी आतून तिचं हसणं ऐकू येत होतं.

औषधं वेळेवर घ्यावीत. आपल्या पायांशी असलेली माझी जागा राखून ठेवावी.

आपली आज्ञांकित सून,
विजयमाला