दूध न पिणारा जावई

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तुझ्या आईला सांगितलंय की ऑफिसला अर्ज लिहितोय. ती आत मटार सोलत बसली आहे आणि मधूनमधून मान उंचावून इकडे बघते. तिला शंका आली असणार. अर्ज लिहिताना माणूस इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसत नाही.

आधी घरची खबर देतो. तांबडी व्याली, कालवड झाली, दोघी ठणठणीत आहेत. आईचा गुडघा जिना उतरताना धरतो, चढताना नाही. डॉक्टरला हे सांगितलं तर तो हसला. मला दूध संकलन केंद्रातून निवृत्त होऊन दोन महिने झाले, तरी अजून पहाटे जाग येते आणि हात नमुन्याची बाटली शोधतो. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दुधाकडे संशयाने बघण्यात गेली. कुणी पाणी घालायचं, कुणी पीठ, कुणी साखर. जो येताना जास्त गोड बोलेल त्याचा कॅन दोनदा तपासायचा, हा माझा नियम. लोक मला पाठीमागे ‘गाळणी’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, आवडायचंही.

अशा माणसाच्या घरी तू दूध न पिणारा जावई आणलास. तो पहिल्यांदा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. नखांत इंजिनाचं काळं तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट. किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो म्हणालीस, तेव्हा मी मनात म्हटलं, हाताने पोट भरणारा आहे, ठीक आहे. आईने पेलाभर दूध पुढे केलं. आपल्या सात पिढ्या गुरांवर जगल्या. आपल्याकडे दूध देणं म्हणजे या, बसा म्हणणंच. त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला, आभार मानले आणि बोलत बोलत खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा पेला रिकामा होता. मी उठून पाहिलं. कुंडीतली माती पांढरी झाली होती. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

तू नंतर म्हणालीस, त्यांच्याकडे कुणालाच दूध सोसत नाही, त्याला नाही म्हणायचा संकोच वाटला. मला ते पटलं असतं, पण दुसऱ्या दिवशी त्याने जेवताना दही घेतलं. दोन चमचे, वर थोडं मीठ. मी संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. काही झालं नाही. दूध बाधतं आणि दुधाचंच दही बाधत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, मी आईला म्हटलं. एक तर हा आपल्याला हलकं समजतो, नाहीतर पोटाचा जुना आजार लपवतोय. आई आधीच दुखावलेली होती. ती तुझ्यादेखत बोलून गेली, ‘माझ्या हातचं कसं पचत नाही तेच बघते.’ तोंडाची फटकळ आहे ती, तुला माहीत आहे. पण ते वाक्य तू लक्षात ठेवलंस.

चार दिवसांनी त्याला परीक्षेला जायचं होतं. मोठ्या जहाजावर इंजिनरूममध्ये घेणार होते, परीक्षा वर्षातून एकदाच. सकाळी आईने भाजीचा दाटसर रस्सा केला. सगळ्यांनी खाल्ला, त्याने दोनदा मागून घेतला, आणि आईचा चेहरा जरा सैल पडला. तुम्ही दोघं निघालात आणि दोन तासांनी तुझा फोन आला. तो पोट धरून अर्ध्या रस्त्यात बसमधून उतरला होता. कुठल्याशा पेट्रोल पंपाच्या संडासात त्याचा दिवस गेला आणि तिकडे परीक्षा होऊन गेली. संध्याकाळी त्याला घेऊन परत आलीस. त्याला निजवून स्वयंपाकघरात गेलीस. रश्श्याचं पातेलं अजून घासायचं पडलं होतं, आणि तुला त्याच्या तळाशी दुधाच्या पावडरीच्या गाठी सापडल्या. तू पातेलं आईसमोर धरलंस. आईने पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. मग ती म्हणाली, ‘पडली असेल माझ्या हातून.’

तू त्याच दिवशी बॅग भरलीस. लग्नाची नोंदणी त्याच्या गावीच केलीत, आम्हाला फोटो आला. तीन वर्षं तू मला पत्र लिहितेस, फोनही करतेस. आईचं नाव काढलं की रेंज जाते. जावयाने पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि पासही झाला, पण जहाजावरची ती जागा तोवर गेली होती. हे मला तुझ्याकडून कळलं नाही. कुणाकडून ते पुढे सांगतो.

दीड वर्षापूर्वी आमचे गुरांचे डॉक्टर केंद्रावर बसले होते. वासरांचं दूध तोडण्यावरून बोलणं निघालं. ते म्हणाले, वासरू मोठं झालं की त्याची दूध पचवायची शक्ती जाते, आणि माणसाचंही मुळात तसंच आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना दूध नीट पचत नाही. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षं गुरांमागे फिरले त्यांच्यात ज्याला दूध पचलं तो वाईट वर्षांत तगला, त्याचीच पोरं वाढली. आपण त्या पोरांची पोरं. जिथे दाराशी समुद्र आणि गुरांना गवत नाही, तिथे दुधावाचून कुणाचं अडलं नाही. मी लगेच दह्याचं विचारलं. ते म्हणाले, विरजण दुधातली न पचणारी साखर काही प्रमाणात आधीच खाऊन टाकतं, म्हणून थोडं दही चालून जातं. ‘विचित्र ते नाहीत, विचित्र आपण आहोत,’ म्हणाले. मी त्यांच्यावरही शंका घेतली. यांची बायको किनाऱ्याकडची आहे की काय, याची दोघातिघांकडे चौकशी केली. नव्हती.

मग गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्या घरी आलो होतो. तुला हे माहीत नाही. तू शाळेत शिकवायला गेली होतीस, जावई कामावर. तुझे सासरे गच्चीवर मासे सुकत घालत होते. मला पाहून ते दचकले नाहीत, फक्त हात धुऊन आले. दोन खोल्या, कोपऱ्यात जाळ्याचा ढीग, टेबलावर तुझ्या वह्या. वासाने मला मळमळत होतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते आपणहून सांगू लागले. वादळाच्या दिवसांत तीन-तीन महिने बोट निघत नाही, तेव्हा मीठ लावून सुकवलेलंच घराला पुरतं. त्यांच्या आजीने म्हणे घर निवडताना आधी गच्चीवरचं ऊन पाहिलं होतं. जहाजाची गोष्टही त्यांनीच सांगितली, तक्रार केल्यासारखी नाही, हवापाणी सांगावं तशी.

मग त्यांनी पान वाढलं. मी माशाचा एक तुकडा तोंडात घातला. तो पुढेही जाईना, मागेही येईना. ते पाणी आणायला वळले तेव्हा मी तो रुमालात काढून खिशात ठेवला. वळून त्यांनी माझा खिसा पाहिला. त्यांनी ताट उचललं आणि दुसऱ्या ताटात नुसता भात, मीठ आणि लिंबाची फोड आणली. चिमणे, तो भात मी बोटांनी शीत न् शीत विसकटून पाहिला. त्यात काही दडवलंय का ते शोधत होतो. तेही त्यांनी पाहिलं. ‘व्याही, त्यात काही नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवलाय.’

मी तो भात संपवला. निघताना त्यांना म्हटलं, मी आल्याचं सुनेला सांगू नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, आणि दिलेला शब्द पाळलेला दिसतो. बसस्टॉपवर होतो तेव्हा तू समोरून येताना दिसलीस, खांद्याला पिशवी, चालता चालता काहीतरी खात होतीस. मी फलकाच्या मागे सरकलो.

आता तुझ्या पत्राविषयी. पाचवा महिना लागला हे वाचून मी खुर्चीत बसूनच राहिलो. पण खाली तू लिहिलंयस की बाळंतपणाला आईला बोलावणार नाही, ती बाळाच्या तोंडात काय घालेल याचा भरवसा नाही, आणि हे तिला मीच सांगावं. मी ते तिला सांगणार नाही, कारण ती पावडर मी घातली होती. आई दारावरच्या माणसाशी बोलायला गेली तेवढ्यात कपाटातला, केंद्रावरून आणलेला दूध पावडरीचा डबा काढून अर्धी वाटी पातेल्यात ओतली आणि ढवळली. मालकाला न सांगता नमुना तपासायचा, इतकी वर्षं हेच केलं होतं. तो खोटं बोलतोय हे मला सिद्ध करायचं होतं. मग तू पातेलं घेऊन आलीस आणि मी पेपर खाली ठेवला नाही. आईला त्याच क्षणी कळलं. डबा ती रोज हाताळते. तिने दोष स्वतःवर घेतला, आणि तीन वर्षांत मला एकदाही विचारलं नाही. तिने विचारावं म्हणून मी वाट बघायचो आणि विचारील म्हणून घाबरायचो. जावयाला आणि व्याह्यांना मी वेगळं लिहीन, तुझ्याआडून नाही. हे पत्र पेटीत टाकलं की घरी येऊन तुझ्या आईसमोर बसणार आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण तिला फोन कर. तिने उचलला की आधी तिचा गुडघा कसा आहे ते विचार. ती रडेल, तिला वेळ दे.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बाबा