उजवा कौल

प्रिय प्रगती,

फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की सासूबाई कान टवकारून बसतात, म्हणून ही चिठ्ठी संपतच्या दूधगाडीबरोबर धाडते. न्हावऱ्यात कांदा काढणी चालू आहे, म्हैस व्यायली. दौंडच्या खोलीवर नीट जेवतेस ना? दूध आटलं का गं? हे विचारायला आई हवी, पण आपल्या आईला यातलं काहीच कळता कामा नये.

तुझी लेक सोपवायला गेलो तेव्हा पुण्याला बालकल्याण समितीच्या बाई किती मायेनं बोलल्या होत्या! तुझं नाव कुठं जाणार नाही, पोलीस मागे लागणार नाहीत, आणि दोन महिन्यांत मन बदललं तर लेक परत मिळेल. लोक पोरी उकिरड्यावर टाकतात आणि इथं सरकार ओटी पसरतं, मला रडूच आलं. तेव्हाच मी तुला शब्द दिला: मुदतीच्या आत तू तिला परत घे, मी दत्तक घेते. माझी कूस काही उजवली नाही. तुझी पोर घरातच राहील.

सासूबाईंना मी खरं सांगितलं नाही. एका अडलेल्या मुलीची लेक, एवढंच. त्या म्हणाल्या, बिरोबाला कौल लावू. देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली; उजवं पडलं तर होकार. उजवंच पडलं! सासूबाईंनी तिथंच भंडारा उधळला आणि घरी येऊन जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली. मी वेड्यासारखी हसत फिरत होते.

मग थोरल्या दिरांना कळलं. आवाज न चढवता म्हणाले, "देवाचं खरं हाय. पर सातबाऱ्यावर नाव लावाया देव येत न्हाई. कुणाचं रक्त, कुणाला ठावं?" आमच्या ह्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी दुपटी माळ्यावर टाकली. मी जेवण सोडलं, तर कुणी विचारलं नाही. म्हशीची धार मात्र मलाच काढावी लागली.

सोमवारी मुदत संपते. तू दौंड स्टेशनवर माझी वाट बघत उभी राहशील, म्हणून लिहिलं. मी येणार नाही. त्याच दिवशी इथं दिरांचा धाकटा सार्थक माझ्या मांडीवर दत्तक देणार आहेत. पाहुण्यांना निरोप गेले. एकटी गेलीस तरी लेक तुला मिळेल, कायदा अडवणार नाही. पण घेऊन जाशील कुठं? जाऊ नकोस, प्रगती. तिला कुणीतरी आई मिळेल. उद्या ती आपल्या शेजारून गेली तरी आपण दोघी तिला ओळखणार नाही.

तुझीच, पण तुझ्या कामी न आलेली,
अनिताताई