रिसीव्हरची परीक्षा, रामवाडी केंद्र

रामवाडी, पेण
२१ जानेवारी १९९८

चि. हर्षद,

अनेक आशीर्वाद. सौ. निशिगंधेचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे. वालाच्या शेंगा आल्यात, रोह्याला येणारं कुणी भेटलं की पाठवते.

दहा दिवसांपूर्वी, रविवारी, तुझ्या नव्या रिसीव्हरवरून वाद झाल्यावर तू चपला घालता घालता जे बोललास, ते मी विसरलेले नाही. "आई, तुला यातलं काय कळतं?" अरे, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा पूर्णविरामापर्यंत वाचायला लावला. पुढे बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. त्या रिसीव्हरचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, अंगणात उन्हाला बसून, चार दिवस. तू आणि दुकानदाराने मिळून एक पान तरी उलटलंत का?

माझं म्हणणं साधं होतं. रिसीव्हर घ्यायचा तो आवाजासाठी, टीव्ही-व्हीसीआरचा आवाज मोठ्या स्पीकरना पोचवायला. चित्राची वायर व्हीसीआरमधून सरळ टीव्हीला जावी. मधे यंत्र घालून चित्र 'साफ' करायचं आणि त्यासाठी महागातला रिसीव्हर घ्यायचा, हा दुकानदारांचा चावटपणा. तू म्हणालास, फरक दिसतो. मी म्हणाले, नाही दिसत.

म्हणून शनिवारी परीक्षा घेतली. दुकानातल्या रघू मिस्त्रींना तो महागडा रिसीव्हर घेऊन बोलावलं आणि तुझ्या लग्नाची कॅसेट लावली. मिस्त्री चादरीआड बसून वायर कधी सरळ जोडायचे, कधी रिसीव्हरमधून. कोणत्या फेरीत काय, ते लिहून पाकिटात बंद. फेऱ्या दहा. परीक्षार्थी शेजारच्या सीताबाई, मिठागरावरचा काळुराम आणि मी. चित्र स्वच्छ तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही.

नियम काळुरामने मोडला. तिसऱ्या फेरीला ओरडला, "आवो बाई, माज्या फेट्याचा तुरा बघा! एकेक चुणी मोजून घ्या!"

"परीक्षेत बोलायचं नाही."

"बोलू नको तं काय करू? मगाशी नुसता लाल गोळा व्हता!"

"गप रं," सीताबाई म्हणाल्या, "बाई नापास करतील तुला."

पाकीट मीच फोडलं. सीताबाईंच्या दहाच्या दहा खुणा बरोबर, काळुरामच्या नऊ. तेव्हा हर्षद, तू बरोबर होतास. जुन्या कॅसेटला ते मधलं यंत्र खरंच मदत करतं. असं वाक्य मी सहजासहजी लिहीत नाही, जपून ठेव.

आता तिसरा कागद. तो मी दोनदा तपासला. त्यावर दहाही ठिकाणी बरोबरची खूण होती. मला दहाही चित्रं सारखीच वाटली. काळुरामच्या डोक्यावर मला शेवटपर्यंत लाल गोळाच दिसला.

बत्तीस वर्षांत मी कुणाला दयेचा गुण दिला नाही, तो स्वतःलाही दिला नाही. सोमवारी एकटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्हीकडे मोतीबिंदू, डावा पिकलेला. "आजी, इतके दिवस कसं निभावलंत?" म्हणाला. मी म्हटलं, "आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणा." पण निभावलं कसं, ते तुला सांगते. दिवाळीपासून मी हायवे ओलांडलेला नाही. बाजार सीताबाई आणतात. तुला मात्र सांगत होते, गुडघा दुखतो.

रिसीव्हर महागडाच घे. स्पीकर मी निवडणार. कानांची परीक्षा कुणीही घ्यावी.

ऑपरेशन २९ तारखेला आहे. फॉर्मवर माझ्या सहीखाली नातेवाइकाच्या सहीची जागा आहे. तुझे वडील गेल्यापासून तुझ्या प्रत्येक कागदावर मी सही केली, माझ्यासाठी कुणी करायची वेळ मी येऊ दिली नाही. सीताबाई लगेच पेन घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना नको म्हटलं.

ती जागा रिकामी ठेवलेली,
तुझी आई