दहा आठवड्यांच्या आत गेलेले

३ जून
आमच्या इस्पितळातले मोठे डॉक्टरसाहेब आज हवेत. कॅन्सरवरची नवी गोळी घेतलेले आमचे बावीस पेशंट सरासरी अकरा महिने जास्त जगले म्हणे! कुणापेक्षा? तळघरातल्या चौसष्ट जुन्या फाइलींपेक्षा. आजार तोच, जनुकातला दोषही तोच, मग तुलनेला नवे पेशंट कशाला, असं त्यांचं म्हणणं. आकडे तपासायचे मी. खाली सहीही माझीच.

४ जून
दादाचा जनुकाचा रिपोर्ट आला एकदाचा – दहा आठवड्यांनी. बाबा ज्याने गेले तोच आजार, बाबांचाच दोष. वहिनी म्हणाली, "तुमच्याकडची ती गोळी मिळेल ना गं त्यांना?"

९ जून
सापडलं! जनुकाचा रिपोर्ट आल्याशिवाय गोळी देत नाहीत. त्या दहा आठवड्यांत जे गेले, ते नव्या यादीत येतच नाहीत. जुन्यांची तपासणी मात्र त्यांच्या गाठींच्या जपून ठेवलेल्या तुकड्यांवर मागाहून झाली. त्यामुळे दहा आठवड्यांच्या आत गेलेले अठराजणही त्यांच्यात मोजलेत. म्हणजे तगलेल्यांची तुलना सगळ्यांशी! ते अठरा काढले, दोन्हीकडच्या उरलेल्यांचे दिवस दहाव्या आठवड्यापासून मोजले. फरक उरला दोन महिने. बावीसजणांत तेवढा योगायोगानेही पडतो.

त्या अठरांत बाबांचीही फाइल, चौसष्टांतली एकोणीस नंबरची. त्रेपन्न दिवस जगले. तीही मीच काढली.

१० जून
साहेब म्हणाले, "बाई, भाऊ रांगेत उभा आहे तुमचा. स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेताय?" सही करणार नाही म्हटलं. दोनदा म्हटलं.

१२ जून
वहिनीला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बापाला यादीतून काढलंस, आता भावाला काढ." घरी येऊन पोटभर रडले. पण खोट्या अकरा महिन्यांवर मी कुणाला गोळी घेऊ देणार नाही, दादाला तर नाहीच.

१८ जून
माझे आकडे मी थेट इस्पितळाच्या औषध-समितीपुढे ठेवले होते; समितीने माझं मानलं. गोळी सरसकट मिळणार नाही. नवे पेशंट घ्यायचे, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना जुनं औषध. कुणाला काय, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. दादाने फॉर्म भरला. साहेबांनी माझं टेबल जिन्याखाली हलवलं. हलवा. बेरीज तिथेही तीच येते.

२६ जून
दादाच्या वाट्याला जुनं औषध आलं. फोनवर म्हणाला, "आता माझे दिवस तरी नीट मोज."