घोड्याच्या अंगाला लागणारी बाजू

अण्णा,

मागच्या महिन्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. तिच्या गावात एक लहानसं वस्तुसंग्रहालय आहे. तिथं एका टेबलावर चार-पाच जुन्या वस्तू हातात घेऊन बघायला ठेवलेल्या असतात आणि माहिती सांगायला एक मुलगी बसलेली असते. मी सहज एक वस्तू उचलली. तळहातात मावेल एवढी काशाची चकती, हिरवट पडलेली, मधे फूल आणि कडेनं द्राक्षाची पानं. लेक म्हणाली, "आई, रोमन लोकांच्या घोड्याच्या साजावरचं आहे हे. दोन हजार वर्षं झाली म्हणे." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी चकती उलटी केली होती. मागची कड कुणीतरी कानस मारून गोल केलेली होती. बोट कुठंच अडकलं नाही. वादी ओवायच्या दोन कड्यांपैकी एक, एकाच अंगानं झिजली होती.

मी चकती हातात धरूनच खुर्चीवर बसले, आणि डोळ्यांपुढं आपलं दुकान आलं.

राहात्याच्या दुकानात तुम्ही मांडी घालून बसला आहात. समोर राळेचा चिकट गोळा, त्यावर पितळेचा पत्रा, आणि तुम्ही मागून ठोकून ठोकून पुढच्या बाजूला फूल उठवता आहात. शिर्डीच्या भाविकांना नेणारे टांगेवाले साज घ्यायला तुमच्याकडेच यायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. फूल झालं तरी तुम्ही मागची बाजू घासतच राहिलात, तेव्हा मी कंटाळून विचारलं, "अण्णा, मागचं कोण बघतंय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ही बाजू घोड्याच्या अंगाला लागती. त्याला बोलता येत न्हाई." मग माझं बोट धरून कडेवरून फिरवलंत. "टोचतं का?" "नाही." "मंग झालं."

आणि तुमच्या त्याच मुलीनं आठवीत शिष्यवृत्तीच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' लिहिला. वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला चामड्याचा वास येतो म्हणायच्या, बाकावर सरकून बसायच्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सहीसाठी बाईंनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही धुतलेला सदरा घालून आलात, पण नखांतला काळा मळ तसाच होता. बाईंनी विचारलं, "व्यापार लिहिलंय. कसला व्यापार?" तुम्ही अर्ज हातात घेऊन हळूहळू वाचलात. माझ्याकडे एकदा पाहिलंत. "पोरीकडनं चुकून लिवलं गेलं असंल, बाई. साज करतो मी, घोड्याचा. चामड्याचं अन् पितळंचं काम."

घरी जाताना मी सायकलवर मागे बसले होते. आता बोलतील, मग बोलतील, अशी वाट बघत होते. रस्त्यात तुम्ही सायकल थांबवलीत आणि एवढंच विचारलंत, "पेरू खाती का?" पेरूच्या बागेच्या कडेला उभं राहून आपण दोघांनी पेरू खाल्ले. तुम्ही मला पिकलेला दिलात आणि स्वतः कच्चा घेतलात. त्या दिवशी रागावला असतात तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढे मी नगरला नोकरीला लागले. रिक्षा आल्या, टांगे गेले. तुम्ही काही वर्षं वरातीच्या घोड्यांचे साज केलेत, मग तेही थांबलं. मी दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. दुकानाकडे वळायचीच नाही. तुम्हीही कधी चल म्हणाला नाहीत.

तर त्या टेबलाशी बसलेल्या मुलीला मी लेकीकडून इंग्रजीत सांगितलं, की ही चकती छातीवरच्या पट्ट्याला असणार आणि घोडा एका बाजूला जास्त ओढणारा असणार, म्हणून एकच कडी झिजली. मुलगी पुढं वाकून बघायला लागली. तुम्हाला हे कसं कळलं, असं तिनं विचारलं. मी लेकीची वाट पाहिली नाही. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझे वडील घोड्याचा साज करायचे. आयुष्यात पहिल्यांदा, अण्णा, परक्या माणसासमोर.  लेकीलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

परतल्यापासून हे लिहीन म्हणते आहे. लिहून झाल्यावर कुठं पाठवणार, कपाटातच राहील. पण एक गोष्ट लिहायची टाळत इथवर आले. त्या मुलीनं शेवटी विचारलं होतं, वडिलांच्या हातचं काही आहे का तुमच्याकडे? मी हो म्हणाले. घरी आहे, जपून ठेवलंय म्हणाले. तुम्ही गेल्यावर दुकान रिकामं करताना सगळं पितळ मीच पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. एकही फूल ठेवलं नाही.