दोन पानं एकदम

३ मार्च

चि. भिंगरीस,
काकाचे पोटभर आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून तुला धडकी भरेल, म्हणून आधीच लिहितो की इकडे कुणालाही काही झालेलं नाही. काकू बरी आहे, दादा बरा आहे, माझं नेहमीसारखंच आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो आणि ते नेहमी वाईटच असतं, असं काकूचं म्हणणं.

तर बातमी अशी की काल सकाळी दादा मला म्हणाला, भिंगरीला पत्र घाल, लवकर येऊन जा म्हणावं. जावयांच्या घरी दुसरा ग्रंथ मानतात आणि तू त्या ग्रंथासमोर लग्न केलंस, तेव्हापासून दादाने, तुझ्याच बाबांनी, तुझं नाव टाकलं होतं. तुझी आई गेली तेव्हाही तू जिन्यापर्यंत आलीस आणि तिथूनच परत गेलीस. तो जिना चढताना मला अजून ते आठवतं. आणि आता तोच माणूस स्वतःहून बोलावतो.

त्याचे डोळे पुरते गेल्यापासून रोज सकाळी मी वर जाऊन त्याला आपला ग्रंथ वाचून दाखवतो. शाळा मी लहानपणीच सोडली, त्यामुळे ओळीवर बोट ठेवून वाचावं लागतं, आणि तो मास्तरासारखा चुका काढतो. कालचं वाचन संपल्यावरच तो हे बोलला. कारण मी विचारलं नाही. काही चांगलं होत असलं की कारण विचारायची मला भीती वाटते.

तेव्हा कधी येतेस ते कळव. थंडी अजून गेलेली नाही, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळून ये. जावयांना आणि विहीणबाईंना नमस्कार.

घाईत, पण मनापासून,
तुझा काका

९ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फाटकाशीच उभी राहून वाचलं, मग कामावर गेल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून पुन्हा वाचलं.

त्या दिवशी दोन शेजाऱ्यांचा भिंतीवरून वाद होता. एकाने दुसऱ्याला आपल्या भाषेत जे काही ऐकवलं ते मला जज्जसाहेबांच्या भाषेत जसंच्या तसं सांगावं लागलं. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, खरंच असं म्हणाला? मी म्हटलं, अजून पुढचं राहिलंय. दुभाषाचं काम असंच असतं काका. समोरचा बोलेल ते सगळं बोलायचं. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, शिवीची ओवी करायची नाही.

म्हणून माझे काही प्रश्न आहेत, रागावू नका. बाबांचे नेमके शब्द काय होते? त्यातला 'लवकर' त्यांचा की तुमचा? आणि त्या सकाळी तुम्ही कोणतं पान वाचत होता? बाबा ग्रंथाला विचारल्याशिवाय खोली भाड्याने देत नाहीत की कुणाशी अबोला धरत नाहीत. माणसाचं मन सकाळी एक सांगतं आणि दुपारी दुसरं, ग्रंथ बदलत नाही, असं ते मला लहानपणी सांगायचे. मी विचारलं होतं, पण ग्रंथ बरोबर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यावर मला खोलीबाहेर काढलं होतं. मग आज ग्रंथातल्या कोणत्या वाक्याने त्यांना मला बोलवायला लावलं? मी तिथे राहत होते तेव्हा असं वाक्य पुष्कळ शोधलं होतं.

आणि तुम्ही म्हणे कारण विचारलं नाही. दूधवाल्याला थोडा उशीर झाला तर तुम्ही त्याच्यावर चौकशी समिती नेमता. काका, तुम्ही काहीतरी दडवताय.

काकूंना म्हणावं, यांच्यावर नजर ठेवा. तुमच्या मायेवरचा माझा हक्क तसाच ठेवा.

तुमची,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आहेतच.

तुझ्या पत्राने चोरी पकडली. काकू म्हणते, सांगून टाका, नाहीतर तुमचं तोंडच सांगेल. तर सांगतो. पण हे दादाच्या कानावर जाता कामा नये.

त्या सकाळी वाचायला बसण्याआधी दादाने बऱ्याच वर्षांनी तुझा विषय काढला. तिकडचं काही कळतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कळतं कधीमधी. मी ग्रंथ उघडला आणि वाचत वाचत खाली आलो, तर पुढच्या ओळी डोळ्यांपुढे. तुला त्या माहीत असतील. जो घरचा मार्ग सोडून गेला त्याला दार उघडू नये, त्याची हाक ऐकू नये, तो आपला होता असं मनातही आणू नये. माझं बोट तिथे अडलं. आज याने तुझा विषय काढला आणि आजच हे वाचायचं? मी खोकल्यासारखं केलं आणि दोन पानं एकदम उलटली. पुढचं वाचलं. संपलं तेव्हा दादाने मान वर केली. मग म्हणाला, भिंगरीला पत्र घाल, लवकर येऊन जा म्हणावं. शब्द त्याचेच आहेत, 'लवकर'सुद्धा त्याचाच.

आता सांग, मी हे काय करून बसलो? ते पान कानावर पडलं असतं तर त्याने बोलावलं असतं का? म्हणजे तुला त्याने बोलावलं की मी?

तुला ठाऊक आहे, मी आयुष्यभर दुकानांचे तराजू दुरुस्त केले. माझ्याकडे एक पितळी वजन होतं, बाकीची वजनं तपासायचं. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, घामानेही फरक पडतो. ते अधूनमधून सरकारी कचेरीत नेऊन तपासून घ्यावं लागे. एकदा मी तिथल्या साहेबांना विचारलं, माझं वजन तुम्ही तुमच्या वजनाने तपासता, मग तुमचं कशाने? म्हणाले, वरच्या कचेरीतल्या वजनाने. आणि त्यांचं? त्याहून वरच्या. आणि सगळ्यात वरचं? साहेब म्हणाले, चहा घेणार का.

दादा ग्रंथाला ते सगळ्यात वरचं वजन समजतो. मीही समजत आलो, त्यावर बोट लागेल म्हणून जपत आलो. पण त्या सकाळी मला ते पान चुकीचं वाटलं, भिंगरी. मी चांगला घाबरलो. चुकीचं वाटलं म्हणजे मी ते कशाने तरी तोललंच ना? मग ते दुसरं वजन माझ्यापाशी आलं कुठून? अर्धवट शिकलेल्या माणसाने असले प्रश्न विचारू नयेत म्हणतात, पण येतात त्याला काय करू?

हे पत्र वाचून फाडून टाक. आणि तरीही ये.

तुझा,
जीव टांगणीला लागलेला काका

२२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. उलट दोनदा वाचून सासूबाईंनाही वाचून दाखवलं. तुमच्या साहेबांच्या चहावर त्या पोट धरून हसल्या.

आधी तुमचा प्रश्न. दुसरं वजन कुठून आलं? मला नक्की माहीत नाही, पण एक सुचतं. दारात आलेल्याला आधी बसवावं, मग तो कोण ते विचारावं, हे मला तुम्हीच शिकवलंत आणि तेही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे एकाच पेटीत दोन वजनं आहेत आणि ती जुळत नाहीत. आता कोणतं उचलायचं हे पेटी कशी सांगणार? की तेही तिच्यात कुठेतरी लिहिलंय आणि मला सापडलं नाही? तुम्ही रोज वाचता, दिसलं तर कळवा, मी चेष्टा करत नाही.

मग मी सासूबाईंना विचारलं, तुमच्या ग्रंथात असं पान आहे का? मला वाटलं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, आहे की, याहून कडक आहे. ते वाचताना तुम्ही काय करता, विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, मी ते पुरतं वाचते, एक अक्षर सोडत नाही. लिहिलंय ते खरंच असणार. फक्त ते ज्याच्यासाठी लिहिलंय तो माणूस मला अजून भेटलेला नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तेच पान सासूबाईंना दाखवायला लोक आले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता माझं. मला यायचं आहे. बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली आहे आणि तिच्याकडे बघत हे लिहिते आहे. पण काका, गाळलेल्या पानावर पाय ठेवून मी आत येणार नाही. बाबा मला बोलावतील तर ते पान ऐकून बोलावतील. उद्या ते कुणी दुसऱ्याने वाचून दाखवलं आणि मी आतल्या खोलीत असले तर? एकदा जिन्यावरून परत गेले, तेवढं सोसलं. खोलीतून परत जाणं मला झेपणार नाही.

ते पान त्यांना वाचून दाखवा. जसंच्या तसं. मग ते जे म्हणतील ते मला कळवा, तेही जसंच्या तसं. 'नको' म्हणाले तर 'नको' लिहा. तुम्ही गोड करून लिहाल तर मला अक्षरावरून कळेल.

तुम्हाला हे जड जाणार हे मला समजतं. तरी माझ्यावर रुसू नका.

तुमची,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
काकाचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला कारण धीर होत नव्हता. रोज ग्रंथ उघडायचो आणि भलतीकडेच वाचायचो. शेवटी काकू म्हणाली, एकदाचं वाचा तरी, नाहीतर मीच वर जाऊन वाचते, आणि माझं वाचन तुम्ही ऐकलेलं आहे.

काल सकाळी वाचलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता, अंगावर शाल, चहा गार झालेला. मी काही न सांगता तेच पान काढलं आणि सुरू केलं. बोट उचललं नाही. संपवलं. दादा म्हणाला, तू हे पुटपुटलास, हे पान मोठ्याने वाचायचं आहे, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं, मोठ्याने. खाली काकूलाही ऐकू गेलं.

मग तो म्हणाला, त्या दिवशी दोन पानं एकदम उलटलीस ना? मी हो म्हटलं. हे पान त्याला तोंडपाठ आहे, भिंगरी. डोळे होते तेव्हा तुझ्या लग्नानंतर तो हे एकच पान पुन्हा पुन्हा वाचत असे, असं त्यानेच सांगितलं. मी विचारलं, तुला कळलं होतं, तर मग तिला बोलावलंस कसं?

त्यावर तो जे बोलला ते तू म्हणतेस तसं, जसंच्या तसं लिहितो. "मी तिचं विचारलं आणि तू ते पान वाचू शकला नाहीस. मला वाटलं, पोरीचं काही बरंवाईट झालंय आणि तू माझ्यापासून लपवतोयस. त्या पानाची आज्ञा पाळायचं मला त्या घडीला सुचलंच नाही रे."

म्हणून ते 'लवकर'. पान कानावर पडलं नाही म्हणून नव्हे, तुझ्या काळजीने. मी म्हटलं, दादा, ती अगदी बरी आहे, कोर्टात लोकांच्या शिव्यांचं भाषांतर करते. तो हसल्यासारखा झाला. मग त्याने डोळे मिटले. ते आता उघडे काय आणि मिटलेले काय, पण विचार करताना मिटतो. मला वाटलं, झालं. आता ती बरी आहे म्हटल्यावर घाबरायचं कारण उरलं नाही, पान मात्र तसंच उरलं. मी मनातल्या मनात तुला 'नको' लिहायला बसलोसुद्धा.

तो म्हणाला, तिला लिही, ये. पान ऐकून बोलावतोय म्हणून लिही. मी बावळटासारखं विचारलं, म्हणजे पान चुकीचं? तर चिडला. म्हणाला, ग्रंथ माझा आहे, त्यातलं पान मी फाडणार नाही आणि तुलाही गाळू देणार नाही, उद्यापासून सगळं वाचायचं. पण हे पान पाळत बसलो तेव्हा मला कधी बरं वाटलं नाही, आणि ते का, हे ग्रंथात शोधूनही सापडलं नाही. असं म्हणून शालीचं टोक चाचपू लागला.

मग हळूच विचारलं, तिच्या सासरच्या ग्रंथात असलं पान असेल का? असलं तर ती माणसं त्याचं काय करतात?

भिंगरी, मला उत्तर ठाऊक होतं. विहीणबाईंचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला माहीत आहे. पण मी म्हटलं, मला काय ठाऊक, तीच सांगेल. दादा म्हणाला, हो, तिलाच विचारतो.

तेव्हा आता तू ये. तो वाट बघतोय.

तुझा काका